दोन दवाखाने, एक अंगण

माणसांचे विषाणू कुत्र्यांमध्ये सापडतात तेव्हा नेमके काय सापडलेले असते? एक आढावा

हिंगोली तालुक्यातले नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांची एक गोष्ट इथल्या पोरासोरांनाही पाठ असते. भाकरी भाजून ठेवली होती, कुत्रे आले आणि तोंडात धरून पळाले. नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, एवढीच त्यांना काळजी. कीर्तनात ही गोष्ट भूतदयेसाठी सांगतात. ती ऐकताना मला दरवेळी आणखी एक गोष्ट जाणवते, ती म्हणजे आपल्या घरातले आणि कुत्र्याचे अन्न एकाच चुलीवरचे असते. अन्न एक, अंगण एक, पाणवठा एक. मग आजार तेवढे वेगवेगळे राहतात का?

कुत्र्यापासून माणसाला काय होते हे आपण पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. 'पिसाळलेलं कुत्रं' हे शब्द ऐकले की गल्लीतली दारे आजही लागतात. पण माणसाचा आजार कुत्र्याला होतो का, झाला तर तो तिथेच थांबतो की बदलून पुन्हा आपल्या घरात येतो, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला गेला. कोविडच्या साथीने तो सगळ्या जगाला विचारायला लावला. गेल्या काही दशकांत त्याची जी उत्तरे हाती आली, ती एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे. उदाहरणे जगभरची असली तरी नजर हिंगोलीच्या अंगणातली आहे.

आखाड्यावरचे कुत्रे

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांच्या घरात, आणि त्यातले बहुसंख्य लोक खेड्यांत राहणारे. शहरातला 'पाळीव कुत्रा' म्हटल्यावर पट्टा, बिस्किटे आणि लसीचे कार्ड डोळ्यांसमोर येते. इथले चित्र वेगळे आहे. शेतातल्या आखाड्यावर सालगड्याच्या सोबतीला एखादे कुत्रे असतेच. ते रात्री रानडुकरांवर भुंकते, दिवसा बैलांच्या सावलीला झोपते. गावातली कुत्री कुणा एकाची नसतात, पण प्रत्येकीचे घर ठरलेले असते. शिळी भाकरी कुठे मिळते हे तिला माहीत असते, आणि तिची पिल्ले कुणाच्या गोठ्यात आहेत हे गावाला.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात भटकी कुत्री १२ लाख ७६ हजार मोजली गेली. देशात दीड कोटींहून अधिक. पण या आकड्यापेक्षा कुत्र्याचा दिनक्रम विषाणूच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ते उकिरडा उकरते. मेलेल्या जनावरावर तुटून पडते. लहान मूल अंगणात बसले तर तिथली घाण तेच साफ करते. थुंकी चाटते, उष्टे खाते आणि तासाभराने त्याच मुलाच्या मांडीवर डोके ठेवून झोपते. माणसाच्या शरीरातून बाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक विषाणू कुत्र्याच्या तोंडापर्यंत पोहोचतो. पोहोचल्यानंतर पुढे काय होते, हा खरा विषय.

सापडणे म्हणजे नेमके काय?

'कुत्र्यात माणसाचा विषाणू सापडला' अशी बातमी येते तेव्हा तिचे निदान तीन अर्थ असू शकतात. पहिला, विषाणू कुत्र्याच्या तोंडातून किंवा पोटातून फक्त प्रवास करून गेला. दुसरा, तो कुत्र्याच्या पेशींत शिरून वाढला, म्हणजे खरा संसर्ग झाला. तिसरा, तो वाढला आणि कुत्र्यातून दुसऱ्या कुत्र्याला किंवा माणसाला लागला. घाबरण्यासारखा आहे तो तिसरा. आणि बहुतेक बातम्यांमागे असतो तो पहिला किंवा दुसरा.

हा फरक कसा ओळखायचा? पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय तुकड्याची असंख्य पटींनी वाढ करून तो दाखवते. विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे ती सांगत नाही. आजारी मालकाने कुत्र्याचा मुका घेतला असेल तरी नाकातला स्वॅब पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून दुसरा पुरावा लागतो तो रक्तातल्या प्रतिपिंडांचा. कुत्र्याच्या शरीराने त्या विषाणूशी लढा दिला असेल तरच ती तयार होतात. तिसरा पुरावा म्हणजे विषाणूचे पूर्ण जनुकीय वाचन. मालकाच्या नमुन्यातला आणि कुत्र्याच्या नमुन्यातला क्रम जुळला तर घरातल्या घरात लागण झाल्याचे कळते. चौथा आणि सर्वांत कठीण पुरावा म्हणजे प्रयोगशाळेत पेशींवर जिवंत विषाणू वाढवून दाखवणे.

औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेत १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली गेली, तेव्हा ती सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन वेधशाळांत जवळजवळ एकाच वेळी उमटली होती, म्हणून तिच्यावर विश्वास बसला. एकाच यंत्राची थरथर पुरली नसती. विषाणूशास्त्रातही तसेच आहे. एका पॉझिटिव्ह चाचणीवरून कुत्र्याला दोषी धरता येत नाही.

हा विषय तसा जुनाही आहे. प्रयोगासाठी पाळलेल्या बीगल जातीच्या कुत्र्यांमध्ये माणसाच्या आतड्यातले विषाणू सापडल्याचा अहवाल अमेरिकेत १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तेव्हा जनुकीय वाचनाची सोय नव्हती, त्यामुळे विषाणू आला कुठून आणि गेला कुठे, हे कळायला मार्ग नव्हता. ती सोय आज आपल्याकडे आहे.

कोविडचा धडा

हिंगोलीकरांना एप्रिल-मे २०२० चे दिवस आठवतील. मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांमध्ये लागण आढळली आणि जिल्ह्याचा आकडा एकदम चढला. आजार जिल्ह्यात आला तो माणसांबरोबर. तरीही त्याच काळात देशभर अफवा पसरली की कुत्र्यामांजरांपासून कोविड होतो, आणि अनेकांनी घरची जनावरे रस्त्यावर सोडली.

अफवेचा धागा हाँगकाँगचा होता. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस तिथे कोविड झालेल्या एका महिलेच्या १७ वर्षांच्या पॉमेरेनियन कुत्र्याची चाचणी क्षीण पॉझिटिव्ह आली. पुढे एका जर्मन शेफर्डचीही आली. रुग्ण असलेल्या घरांतली एकूण १५ कुत्री तपासली, त्यांपैकी ही दोन बाधित निघाली. दोघांच्या रक्तात प्रतिपिंडे होती, आणि विषाणूचा जनुकीय क्रम घरातल्या माणसाच्या विषाणूशी जुळला. म्हणजे खरा संसर्ग होता, आणि तो माणसाकडून कुत्र्याला झाला होता. दोन्ही कुत्र्यांत कोविडची लक्षणे दिसली नाहीत.

त्याच सुमारास चीनमधल्या हार्बिनच्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या प्राण्यांच्या नाकात विषाणू सोडून पाहिला. फेरेट आणि मांजरांत तो जोमाने वाढला. कुत्र्यांत जेमतेम टिकला आणि शेजारी ठेवलेल्या कुत्र्यांपर्यंत गेलाच नाही. डुकरे, कोंबड्या आणि बदके यांच्यात तो वाढला नाही. यामागचे कारण पेशींच्या दारात आहे. कोविडचा विषाणू ज्या एसीई-२ नावाच्या रेणूला धरून आत शिरतो, तो कुत्र्याच्या श्वसनमार्गात फार थोडा असतो.

पण सगळे प्राणी कुत्र्यासारखे नव्हते. नेदरलँड्समध्ये फरसाठी पाळलेल्या मिंक प्राण्यांना एप्रिल २०२० मध्ये माणसांकडून लागण झाली. विषाणू पिंजऱ्यापिंजऱ्यांतून फिरला, बदलला आणि कामगारांना परत लागला. डेन्मार्कने नोव्हेंबर २०२० मध्ये देशातले सगळे, दीड कोटीच्या आसपास मिंक मारण्याचा निर्णय घेतला. थायलंडमध्ये २०२१ साली एका बाधित मांजराच्या नाकातून नमुना घेताना ते पशुवैद्यकाच्या तोंडावर शिंकले आणि त्यातून तिला लागण झाली. माणूस, मांजर आणि पुन्हा माणूस असा हा प्रवास जनुकीय पुराव्यासह नोंदला गेला आहे.

भारतात मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातले आठ सिंह बाधित आढळले. पुढच्याच महिन्यात चेन्नईजवळच्या वंडलूरच्या सिंहांत डेल्टा प्रकार सापडला आणि काही सिंह दगावलेही. गुजरातमधल्या एका अभ्यासात कुत्री, गाई आणि म्हशींच्या नमुन्यांतही या विषाणूची जनुकीय खूण मिळाली. तिथेही आधी सांगितलेला प्रश्न उभा राहतो, की हा संसर्ग होता की नुसता स्पर्श. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने प्राण्यांसाठी अ‍ॅन्कोव्हॅक्स ही लस तयार केली आणि जून २०२२ मध्ये ती जाहीर झाली.

या सगळ्यातून कुत्र्याबाबत निष्कर्ष निघतो तो असा. कोविड माणसाकडून कुत्र्याला होऊ शकतो, तो सौम्य असतो, आणि कुत्र्यापाशी येऊन बहुधा थांबतो. ज्यांनी २०२० मध्ये कुत्री रस्त्यावर सोडली त्यांनी निरपराधाला शिक्षा दिली.

पोटातले पाहुणे

श्वासातल्या विषाणूंपेक्षा आपल्या खेड्यांच्या दृष्टीने आतड्यातले विषाणू अधिक महत्त्वाचे आहेत. कुत्र्याच्या दिनक्रमात घाणीशी येणारा संबंध मी वर सांगितलाच.

फिनलंडमध्ये ९२ कुत्र्यांच्या विष्ठेची तपासणी झाली. त्यांतल्या चार कुत्र्यांत माणसाला उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस मिळाला. २०१२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ती चारही कुत्री लहान मुले असलेल्या घरांतली होती. ब्रिटनमध्ये काही कुत्र्यांच्या रक्तात याच विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे आढळली, म्हणजे त्यांच्या शरीराची या विषाणूशी गाठ पडली होती. हा विषाणू आतड्याच्या पेशींवरच्या ज्या शर्करा-रेणूंना चिकटतो, तसे रेणू कुत्र्याच्या आतड्यातही आहेत. थायलंडमध्ये एकाच ठिकाणच्या कुत्र्यांत आणि मुलांत जवळजवळ सारखा नोरोव्हायरस सापडला. कुणी कुणाला दिला हे सांगणे अवघड असते, पण देवाणघेवाण होते एवढे मात्र त्यातून दिसते.

लहान मुलांच्या जुलाबांचे मोठे कारण असलेला रोटाव्हायरस त्याहून सरमिसळ करणारा आहे. त्याचे जनुक अकरा सुट्या तुकड्यांत असतात. दोन वेगवेगळे रोटाव्हायरस एकाच पेशीत एकत्र आले तर तुकड्यांची अदलाबदल होते. इस्रायल आणि इटलीतल्या मुलांमध्ये कुत्र्यामांजरांच्या विषाणूंशी जवळचे नाते सांगणारे रोटाव्हायरस मिळाले आहेत. आपल्या देशातले उदाहरण तर प्रत्येक अंगणवाडीपर्यंत पोहोचले आहे. दिल्लीच्या एम्समध्ये १९८०च्या दशकात नवजात बाळांमध्ये रोटाव्हायरसचा एक प्रकार सापडला, त्यात एक जनुक गाईच्या विषाणूचे होते. बाळांना तो लागला, पण आजारी पाडत नव्हता. त्याच्यावरूनच रोटाव्हॅक ही लस तयार झाली आणि २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल लसही गाय आणि माणूस यांच्या विषाणूंच्या मिश्रणातून घडवलेली आहे. जनावराचा आणि माणसाचा विषाणू मिसळतो म्हणजे संकटच येते असे नाही, हे या दोन लसींनी दाखवले. मिश्रण वेळेवर ओळखले गेले, म्हणून त्यातून लस निघाली.

फ्लूची वाट

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी गेला आणि महाराष्ट्र हादरला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत तोच एच१एन१ विषाणू आधी मांजरात आणि मग न्यू यॉर्क राज्यातल्या एका कुत्र्यात मिळाला. दोन्ही ठिकाणी घरातली माणसे आधी आजारी पडली होती.

कुत्र्याचा स्वतःचा फ्लू मात्र अलीकडचा आहे. जानेवारी २००४ मध्ये फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत खोकला आणि न्यूमोनिया पसरला, २२ पैकी ८ कुत्री दगावली. तपासात घोड्यांचा एच३एन८ फ्लू निघाला. तो जसाच्या तसा कुत्र्यात आला आणि कुत्र्यातून कुत्र्यात फिरू लागला. २००७ मध्ये दक्षिण कोरियातल्या कुत्र्यांत पक्ष्यांकडून आलेला एच३एन२ नोंदला गेला, २०१५ मध्ये तो शिकागोत पोहोचला. चीनमधल्या एका अभ्यासाने २०२३ मध्ये दाखवले की कुत्र्यांत फिरताफिरता हा विषाणू माणसाच्या श्वसनमार्गातल्या रेणूंना ओळखू लागला आहे. माणसांत त्याची साथ आलेली नाही. तरी कुत्र्यावर पहारा ठेवावा असे शास्त्रज्ञ ज्या कारणांसाठी म्हणतात, त्यांत हे सर्वांत ठोस आहे. फ्लूचे जनुकही तुकड्यांत असतात, आणि एकाच कुत्र्यात माणसाचा व कुत्र्याचा फ्लू एकत्र आला तर नवा प्रकार जन्मू शकतो.

गेलेले परत येतात

माणसाकडून जनावराकडे आणि तिथून परत माणसाकडे, या फेऱ्याचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण कुत्र्याचे नाही, म्हशीचे आहे. पूर्वी 'देवी काढणे' म्हणजे लस टोचून घेणे. त्या लसीत व्हॅक्सिनिया नावाचा जिवंत विषाणू असे आणि तिचा द्रव म्हशींच्या रेडकांच्या अंगावरही वाढवला जात असे. देवीचा रोग भारतातून १९७५ मध्ये गेला, पुढे लसही थांबली. पण व्हॅक्सिनियाचा एक भाऊबंद म्हशींमध्ये राहिला. बफेलोपॉक्स नावाने ओळखला जाणारा हा विषाणू म्हशीच्या आचळांवर फोड आणतो आणि धार काढणाऱ्याच्या हातांवर उतरतो. २००९ मध्ये सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशी आणि माणसे दोघांनाही तो झाल्याची नोंद आहे. लसीतला विषाणू म्हशींत स्थिरावला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपण विसरलो, गोठा विसरला नाही.

कुत्र्याच्या घराण्यातही असेच नाते आहे. माणसाचा गोवर, कुत्र्याचा डिस्टेंपर आणि गुरांचा बुळकांड्या हे तिन्ही विषाणू एकाच कुळातले. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी बुळकांड्याच्या पूर्वजातून गोवर वेगळा झाला असावा, असे जनुकीय अभ्यास सांगतो. बुळकांड्या २०११ मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले. गोवर आणि डिस्टेंपर मात्र आहेत. त्यांचे नाते इतके जवळचे की कुत्र्याच्या लहान पिल्लांना डिस्टेंपरपासून वाचवण्यासाठी माणसांच्या गोवराची लस वापरली गेली आणि ती कामीही आली. आणि हाच डिस्टेंपर २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गीरच्या जंगलात सिंहांपर्यंत गेला. वीसहून अधिक सिंह मेले. विषाणूची ओळख पटवली ती पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने.

कुत्र्यांना रक्ताची हगवण लावणारा पार्व्हो आज प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात दिसतो. १९७८ पूर्वी तो कुणाला ठाऊक नव्हता. मांजरांच्या एका जुन्या विषाणूच्या जवळच्या नातलगात मोजके बदल झाले, त्याला कुत्र्याच्या पेशींचे दार उघडले आणि दोनेक वर्षांत तो जगभर पसरला. जात ओलांडायला विषाणूला किती थोडे बदल पुरतात, हे पार्व्होने दाखवून दिले.

सारावाकची मुले

कुत्र्याकडून माणसाकडे नवा विषाणू येण्याचे अलीकडचे उदाहरण मलेशियातल्या सारावाक प्रांतातले आहे. २०१७-१८ मध्ये तिथे न्यूमोनियाने दवाखान्यात आलेल्या ३०१ रुग्णांचे नमुने जपून ठेवले होते. पुढे ते सर्व प्रकारचे कोरोना विषाणू पकडणाऱ्या चाचणीने तपासले, तेव्हा आठ जणांत कुत्र्याच्या कोरोनाशी मिळताजुळता, मांजराच्या विषाणूचाही अंश असलेला नवा विषाणू निघाला. बहुतेक रुग्ण लहान मुले होती, ग्रामीण वस्तीतली, जिथे कुत्री-मांजरे घरातच वावरतात. मे २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये हैतीहून अमेरिकेत परतलेल्या वैद्यकीय पथकातल्या व्यक्तीतही अगदी तसाच विषाणू सापडला. तो माणसाकडून माणसाला पसरतो असा पुरावा नाही, आणि त्या आठही न्यूमोनियांचे कारण तोच होता असेही ठामपणे म्हणता येत नाही.

मला या प्रकरणात महत्त्वाची वाटते ती नमुने जपून ठेवणारी आणि मोकळ्या मनाने तपासणारी माणसे. नेहमीच्या चाचण्या ठरावीक विषाणूच शोधतात. जे शोधायचेच ठरवले नाही ते सापडत नाही. सारावाकची लाकडी लांब घरे आणि कळमनुरीचा आखाडा यांच्यात हवापाण्याचा फरक असेल, मुलांच्या आणि कुत्र्यांच्या सहवासात फारसा फरक नाही.

ज्याबद्दल शंका नाही

इतक्या शक्यतांचा आढावा घेताना एका खात्रीकडे दुर्लक्ष होऊ नये. रेबीज. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये १५ राज्यांतल्या ६० जिल्ह्यांत केलेल्या पाहणीवरून काढलेला अंदाज असा, की देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, त्यांतले तीन चतुर्थांशांहून अधिक चावे कुत्र्यांचे असतात, आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसे मरतात. कुत्रे चावलेल्यांपैकी सुमारे पाचातल्या एकाने लसीचा एकही डोस घेतला नव्हता.

आपल्या भागात आजही 'पोटातली चौदा इंजेक्शनं' आठवून लोक दवाखाना टाळतात. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात किंवा कातडीत मोजके डोस मिळतात, सरकारी दवाखान्यात मोफत. हिंगोली-वसमत हा हळदीचा मुलूख. हळदीवर आपली श्रद्धा आहे, आणि ती बाकी ठिकाणी असू द्यावी. पण कुत्र्याच्या चाव्यावर हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचे प्रतिद्रव्य, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनही लागते, ते मागून घ्यावे. लक्षणे दिसू लागल्यावर या आजारातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

आणि हे थांबवता येते, याचा पुरावा शेजारी गोव्यात आहे. तिथे २०१३ नंतर सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी गावोगाव कुत्र्यांना लस टोचली. चावलेल्या माणसांची आणि संशयित कुत्र्यांची नोंद एकाच व्यवस्थेत ठेवली, शाळांतून मुलांना शिकवले. काही वर्षांत कुत्र्यांतला रेबीज झपाट्याने उतरला, २०१७ नंतर माणसांचे मृत्यू थांबले आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले. दहापैकी सात कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर साखळी तुटते, हे गणित तिथे खरे ठरले. देशाने २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठायचे तर गोव्याचे काम सेनगावपर्यंत यायला हवे.

केसपेपरवरची एक ओळ

सगळा आढावा एकत्र ठेवला तर हिशेब असा लागतो. कुत्र्याकडून माणसाला होणारा सिद्ध आणि जीवघेणा आजार म्हणजे रेबीज, आणि त्याचा उपाय आपल्या हाती आहे. माणसाकडून कुत्र्याला होणारे कोविड आणि स्वाइन फ्लूसारखे आजार सिद्ध आहेत, पण सौम्य आणि बहुधा तिथेच थांबणारे. आतड्यातल्या विषाणूंची देवाणघेवाण शक्य आहे, दिशा अस्पष्ट आहे. आणि कुत्र्यात नवा विषाणू घडण्याची किंवा रुजण्याची शक्यता छोटी आहे, पण घोड्याच्या फ्लूने, पार्व्होने आणि सारावाकच्या मुलांनी ती खरी ठरवली आहे.

या छोट्या शक्यतेवर नजर ठेवायला मोठ्या यंत्रसामग्रीची गरज पहिल्या पायरीवर नसते. हिंगोलीच्या बहुतेक मोठ्या गावांत दोन दवाखाने असतात. एक प्राथमिक आरोग्य केंद्र, दुसरा पशुवैद्यकीय दवाखाना. एकाचा कागद आरोग्य विभागाकडे जातो, दुसऱ्याचा पशुसंवर्धन विभागाकडे. दोन्ही ठिकाणी एकाच अंगणातले रुग्ण येतात, पण ते कुणाला कळत नाही. एखाद्या घरात मुलाला जुलाब आहेत आणि त्याच आठवड्यात कुत्र्यालाही, ही माहिती दोन वह्यांत दोन जागी पडून राहते.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. माणसांच्या केसपेपरवर एक ओळ वाढवावी, 'घरात जनावर कोणते? ते आजारी आहे का?' पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नोंदवहीतही एक रकाना असावा, 'घरात कोणी आजारी आहे का?' दोन्ही ओळी एकाच वेळी भरल्या गेल्या की वैद्यकीय अधिकाऱ्याने पशुधन विकास अधिकाऱ्याला एक फोन करावा. गावात सर्वांत आधी हे आशाताईंना आणि पशुधन पर्यवेक्षकाला दिसते, त्यांना एकमेकांशी बोलायला सांगावे. संशय आला तर दोघांचे नमुने एकाच दिवशी घ्यावेत. जाणकार संस्था लांब नाहीत. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात विषाणूविज्ञान संस्था आहे, आणि नागपूरला राष्ट्रीय 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली आहे. यांना जोडणारा पहिला धागा गावातून निघायला हवा.

घराघरांतही करण्यासारखे आहे. घरात कुणाला ताप, खोकला किंवा जुलाब असतील तर आजाऱ्याने कुत्र्याला जवळ घेऊ नये, उष्टे घालू नये. लहान मुलांची घाण उघड्यावर राहू देऊ नये. कुत्र्याला हाताळल्यावर हात धुवावेत. आखाड्यावरच्या कुत्र्यालाही वर्षातून एकदा रेबीजची लस टोचून घ्यावी. आणि कोणत्याही बातमीने घाबरून त्याला घराबाहेर काढू नये, कारण आजवरचा पुरावा पाहता माणसाच्या साथींत कुत्रे आजार देणारे कमी आणि घेणारे अधिक ठरले आहे.

नामदेव वाटी घेऊन धावले तेव्हा त्यांनी भाकरी परत मागितली नव्हती, तिला तूप लावून दिले होते. आपण आपल्या अंगणातल्या कुत्र्याला लस द्यावी आणि त्याच्या आजाराची नोंद ठेवावी. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तर तुम्हीच सांगा, "डॉक्टर, आमच्या घरी कुत्रंही आहे."